मुक्तीचा डबा

सत्यवतीच्या गोळ्या सुक्या जवळ्याच्या डब्यात असत. रेवसच्या अलीकडच्या त्या गावात शेजारणी दार वाजवत नाहीत. सरळ स्वयंपाकघरात येतात, फळीवरचे डबे उघडतात, चहापत्ती आहे का, साखर आहे का बघतात, आणि नसली तर घरधनिणीलाच दोन शब्द सुनावून जातात. जवळ्याच्या डब्यात मात्र कोणी उगीच हात घालत नाही. म्हणून सत्यवतीने तो निवडला होता. गोळ्यांची स्ट्रिप प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर गाठ मारली, तरी वास लागायचाच. रोज सकाळी गोळी घेताना तो वास आधी नाकात जायचा आणि मग पाण्याबरोबर पोटात.

तिच्या नवऱ्याला, काळूरामला, हे सगळं ठाऊक होतं. तो न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचा, दोनेक दिवसांनी घरी यायचा, आणि बायको डब्याची गाठ सोडताना दिसली की हसायचा.

"लोकांना जवल्याचा वास येतो म्हणून तू तिथं लपवतंस," तो एकदा म्हणाला, "देवाला काय येत न्हाय व्हय?"

तो हसत म्हणाला, पण सत्यवतीला ते लागलं. कारण प्रश्न बरोबर होता.

झालं होतं ते असं. दोन वर्षांपूर्वी सत्यवतीचं मन खचलं. मुलगा केतन नोकरीला लागलेला, घरावर स्लॅब पडलेला, नवरा दारू न पिणारा. रडायला काही कारण म्हणून नव्हतं. तरी तिला उठावंसं वाटेना. भात चुलीवर करपला तरी ती समोर बसून असायची. छातीत धडधड व्हायची, रात्र सरायची नाही, आणि बायबल उघडलं की अक्षरं नुसती दिसायची, आत जायची नाहीत. काहीतरी गेलं असतं, कोणी मेलं असतं, तर तिला तोंड वर करून रडता आलं असतं. सगळं असून रडणारी बाई, ती सुद्धा विश्वासणारी, याचीच तिला लाज वाटत होती.

मंडळीतल्यांनी, म्हणजे तिच्या चर्चच्या माणसांनी, प्रार्थना केली, उपास धरले, कपाळाला तेल लावलं. सगळ्यांनी मनापासून केलं, त्यात खोट नव्हती. आणि एके दिवशी काळूराम कोणाला न विचारता तिला पनवेलच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर बाई होत्या. म्हणाल्या, प्रार्थना सोडू नका आणि गोळीही सोडू नका. पावसाळा सरता सरता सत्यवती पुन्हा गाणं गुणगुणायला लागली. बायबलातली अक्षरं पुन्हा आत जायला लागली, आणि एका सकाळी तिने देवाचे इतके आभार मानले की शेजारीण विचारायला आली, काय झालं.

इथपर्यंत सगळं चांगलं होतं. घोटाळा झाला तो साक्षीच्या वेळी.

त्यांची मंडळी भरायची ती पास्टर तुकाराम यांच्या घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये. तुकाराम आधी रिक्षा चालवायचे. प्रभूकडे आले तरी नाव बदलायची गरज त्यांना वाटली नाही, आणि रिक्षावाल्याचा मोठा आवाजही त्यांनी सोडला नाही. रविवारी गाणी झाली, ढोलकी थांबली, की ते विचारायचे, "या आठवड्यात प्रभूने कोणासाठी काय केलं?" मग कोणीतरी उठून साक्ष द्यायचं. मुलगा पास झाला, ताप उतरला, नवऱ्याने बाटली सोडली. प्रत्येक साक्षीला टाळ्या आणि हालेलुया.

पास्टरांच्या टेबलावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असे. त्याच्या झाकणावर क्रूस रंगवलेला. सगळे त्याला मुक्तीचा डबा म्हणत. नव्याने विश्वासात आलेली माणसं आपल्या हातातले, गळ्यातले जुने दोरे आणि ताईत त्यात ठेवत. ईस्टरनंतर बाप्तिस्म्याच्या दिवशी पास्टर ओहोटीला जेट्टीवर जाऊन डबा खाडीत रिकामा करत. तोवर आत कोणी डोकावत नसे, पास्टरसुद्धा नाही. दिलं ते दिलं.

पुढच्या ईस्टरचा बाप्तिस्मा होऊन डबा रिकामा झाला, त्यानंतरच्या एका रविवारी सत्यवती उठली ती खरंच आभार मानायला. देवाने मला चांगली डॉक्टरीण दिली, असं ती म्हणणार होती. घरी तिने ते घोकूनही ठेवलं होतं. पण उभी राहिली, समोर सगळे चेहरे हसून वाट बघत होते, चांगदेवचा हात ढोलकीवर तयार होता, आणि डॉक्टर हा शब्द तिच्या तोंडातून निघेना. "प्रभूनं माना बरं केलं," ती म्हणाली. टाळ्या पडल्या. "आता माना गोल्यांची गरज न्हाय," हे पुढचं वाक्य कुठून आलं ते तिचं तिलाही कळलं नाही. टाळ्या वाढल्या. पास्टर डब्याकडे हात करून म्हणाले, "सिस्टर, काही द्यायचंय का?"

तिच्या बायबलच्या कव्हरमध्ये एक स्ट्रिप होती. त्याच सकाळी संपलेली. औषधाच्या दुकानात दाखवायला नाव हवं म्हणून ठेवलेली. तिने ती काढली, मुठीत धरली आणि डब्यात टाकली. रिकामी स्ट्रिप पडताना आवाजसुद्धा झाला नाही. पण शेड दणाणून गेली. पास्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खरं पाणी होतं.

त्यानंतर सत्यवती मंडळीत मोठी झाली. पलीकडच्या गावांतल्या सभांना तिला साक्षीला बोलवायला लागले. ती जायची. साक्ष सांगता सांगता रुळत गेली, कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हे तिला जमायला लागलं. आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायला लागलं. मग पनवेलला गोळ्या आणायला जाताना ती नणंदेकडे जाते असं सांगायची आणि एसटीत तोंडाला ओढणी गुंडाळून बसायची.

तिचं बघून डब्यात स्ट्रिपा पडायला लागल्या. शिवानीने झोपेच्या गोळ्या टाकल्या. चांगदेवने प्रेशरच्या टाकल्या. आणखीही काहींनी. प्रत्येकजण मुठीत धरून पटकन टाकायचा आणि मान खाली घालून जागेवर जायचा. सत्यवतीला वाटायचं, किती नम्र माणसं आहेत. आणि रात्री वाटायचं, यांच्यापैकी कोणाला काही झालं तर मी काय तोंड दाखवू?

मग भादव्यात मृणालीने टाकली.

मृणाली मंडळीतल्याच काशीची सून. माहेर तळा गावचं, बारावी झालेली, हसतमुख पोरगी. पहिलं बाळंतपण झालं आणि हसू गेलं. पोराकडे बघायची नाही, दूध पाजताना भिंतीकडे बघत बसायची. काशीने बिचारीने तिला अलिबागला नेलं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि मृणाली केस विंचरायला लागण्याइतकी सुधारली होती. तेवढ्यात तिने सत्यवतीची साक्ष ऐकली. पुढच्या रविवारी उठली, डब्याजवळ गेली आणि स्ट्रिप टाकली. आत टप्प असा आवाज झाला. भरलेल्या स्ट्रिपचा.

शेडमध्ये तो आवाज सगळ्यांनी ऐकला असेल, पण त्याचा अर्थ आपल्यालाच कळला असं सत्यवतीला वाटलं. तिने उठायला हवं होतं. पोरी, काढ ती बाहेर, असं ओरडायला हवं होतं. सगळे टाळ्या वाजवत होते. तिनेही वाजवल्या.

भातकापणीच्या दिवसांत काशी तिच्याकडे आली. स्वयंपाकघरात आली पण डबे उघडले नाहीत. उंबऱ्यावरच बसली.

"सून पुन्हा तशीच झालीय गो," ती म्हणाली. "आंघोल करत न्हाय, जेवत न्हाय. पास्टर येऊन प्रार्थना करून गेले. डाक्टरकडं चल म्हटलं तर ऐकत न्हाय. तुझं ऐकंल. तू कशी बरी झालीस ता तिला सांग."

सत्यवती गेली. मृणाली खाटेवर बसली होती, पोर पलीकडे झोळीत. खोलीत दुधाचा आंबट वास येत होता.

"काकी," मृणाली म्हणाली, "तुम्ही स्ट्रिप टाकली आणि बऱ्या झालात. मी पण टाकली. मग मला का नाही?"

सत्यवती झोळीला झोका देत राहिली.

"का ते मला कळतं. माझा विश्वासच कमी पडतो. तोंडाने आमेन म्हणते, पण आत काहीच नसतं. पास्टर बोलून दाखवत नाहीत, पण त्यांनाही कळत असेल." मग ती खाली बघून हळू म्हणाली, "काल याला टपात आंघोळ घालत होते. हात सोडून द्यावा असं मनात आलं. काकी, याला माझ्यापाशी ठेवू नका."

आता सांग, सत्यवतीचं मन म्हणालं, आता तरी सांग. आणि तिने काय केलं? मृणालीच्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रार्थना केली. चांगली, लांब प्रार्थना केली. सभेत करते तशी. मृणालीने डोळे घट्ट मिटून ती ऐकली, जणू या वेळी तरी आपल्या आत काही होतंय का ते बघत होती. निघताना सत्यवतीने काशीला एवढंच सांगितलं, की पोराला आंघोळ तू घालत जा, आणि दोघांना एकटं सोडू नको.

संध्याकाळी काळूराम आला. जेवताना त्याने विचारलं, "सांगितलंस काय तिला?"

"प्रार्थना केली."

नेहमी काळूराम दुसऱ्यांदा भात मागून घेतो. त्या दिवशी ताटावरून तसाच उठला.

सत्यवतीला स्वतःची किळस आली. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती जवळ्याच्या डब्यातली पिशवी पदराखाली धरून काशीच्या घरी गेली. मृणालीसमोर तिने गाठ सोडली.

"ह्या माज्या गोल्या. मी रोज घेतंय. कदी सोडल्याच न्हाईत. डब्यात टाकली ती रिकामी स्ट्रिप होती. मी खोटं बोललंय, मृणाली."

मृणालीने पिशवीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती थोडीशी हसली. ते हसू बघून सत्यवतीला धस्स झालं.

"काकी, तुम्ही चांगल्या आहात," मृणाली म्हणाली. "मला कमीपणा वाटू नये म्हणून स्वतःवर घेता. पण बायबल हातात धरून, सगळ्या मंडळीसमोर, कोणी असं खोटं बोलेल का?"

"मी बोललंय गो!"

"या कोणाच्याही गोळ्या असतील. काकांच्या असतील."

"बरं, माज्यावर इश्वास नको ठेवू. पन उद्या माज्यासंगं अलिबागला चल."

मृणालीने मान हलवली. "देवाला दिलेलं परत कसं मागू? आधीच विश्वास कमी. त्यात ते पण करू?"

सत्यवती घरी आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. आयुष्यात तिने एक गोष्ट सगळ्यात चांगली केली होती, ती म्हणजे ते खोटं. आता खरं बोलली तर ते कोणी घेईना. काशीलाही तिने सगळं सांगितलं. काशीने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. काशी नुसती तिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मग आता ती कुनाचं ऐकनार?"

रविवार उजाडला. काशी सुनेला धरून घेऊन आली होती. मृणाली मागे भिंतीला टेकून चटईवर बसली, पोर काशीच्या मांडीवर. गाणी झाली. ढोलकी थांबली. पास्टर तुकारामांनी नेहमीच्या मोठ्या आवाजात विचारलं, "या आठवड्यात प्रभूने कोणासाठी काय केलं?"

सत्यवती उठली. तिला बघून सगळ्यांचे चेहरे फुलले, आणि ते फुललेले चेहरे बघून तिचं अर्धं धैर्य तिथेच गळालं.

"माजी साक्ष खोटी होती," ती म्हणाली.

कोणाला नीट कळलं नसावं. कोणीतरी सवयीने हालेलुया म्हणून गेलं आणि गप्प झालं.

"मी बरी झालंय ती प्रभूच्या दयेनं झालंय, ता खरं हाय. पन ती दया डाक्टरीणबाईच्या हातून आली. मी आजबी गोल्या घेतंय. आज सकालीबी घेतली. ता मी तुमाला सांगितलं न्हाय, कारन तुमी टाल्या वाजवत होता." तिचा आवाज फाटला. सभेतला तो खालीवर होणारा आवाज आज कुठेच सापडत नव्हता. "गोली काय ताईत न्हाय. आन् ती घेतली म्हनून इश्वास कमी होत न्हाय. माना हे ठावं असून मी बोललं न्हाय."

पास्टर पुढे आले. "सिस्टर, तुम्ही थकल्यात. बसा. आपण नंतर बोलू."

"नंतर न्हाय, पास्टर." तिने मागे मृणालीकडे पाहिलं. मृणाली मान हलवत होती. अजूनही तिला वाटत होतं, काकी आपल्यासाठीच हे करतायत. मग सत्यवतीला दुसरं काही सुचलं नाही. ती टेबलाकडे बोट करून म्हणाली, "डबा उघडा. माजी स्ट्रिप आत हाय. ती रिकामी हाय का भरलेली ता तुमीच बघा."

पास्टरांचा हात झाकणावर गेला, पण उघडायला नाही, धरून ठेवायला. "दिलेलं परत काढत नाहीत," ते म्हणाले. आवाज रिक्षावाल्याचा राहिला नव्हता. चांगदेव म्हणाला, "जाऊं दे ना आता, कशाला." शिवानी म्हणाली, "व्हय, जाऊं दे." सत्यवतीला वाटलं, हे आपल्याला वाचवायला बोलतायत, आणि तिला आणखीच लाजल्यासारखं झालं.

तेवढ्यात काशी उठली. तिने पोर शेजारच्या बाईच्या मांडीवर दिलं, पदर खोचला, चटईवरच्या माणसांमधून वाट काढत पुढे गेली, आणि पास्टरांचा हात बाजूला करून डबा टेबलावर उलटा केला.

काळे दोरे पडले. लाल दोरे, तांब्याचे ताईत, एक गंजलेली अंगठी. आणि स्ट्रिपा पडल्या. काशीने एकेक उचलली आणि पत्र्याच्या फटीतून उजेड येत होता तिकडे धरून बघितली.

"ही रिकामी," ती म्हणाली. मग दुसरी उचलली. "हीबी रिकामी." तिसरी उचलली आणि तिचा आवाज हळू झाला. "हीबी."

काशी एकेक स्ट्रिप उचलत राहिली आणि बाजूला ठेवत राहिली. सगळ्यांचे कप्पे फुटलेले, आतली गोळी गेलेली. त्यातली आपली कोणती, ते सत्यवतीलासुद्धा ओळखता येईना. तिने वळून मंडळीकडे पाहिलं. चांगदेव ढोलकीची दोरी ताणत बसला होता, ती ताणलेलीच होती. शिवानीने पदर कपाळावर ओढला होता. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. पास्टर तुकाराम खुर्चीवर बसले आणि त्यांनी तोंडावरून हात फिरवला. सत्यवतीला वाटत होतं की तिची लाज उघडी पडेल आणि सगळे तिला बघतील. इथे तिला बघायला कोणाची मान वर नव्हती.

काशीने ढिगातली शेवटची स्ट्रिप उचलली. ती जड होती. उजेडाला धरायची गरज पडली नाही.

"ही भरलेली हाय," काशी म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं. "ही माज्या सुनेची."

सत्यवतीने ती स्ट्रिप तिच्या हातून घेतली आणि मागे गेली. मृणालीसमोर चटईवर बसली. मृणाली टेबलावरच्या ढिगाकडे बघत होती.

"काकी," ती म्हणाली, "सगळ्यांच्याच?"

"व्हय गो. आमा सगल्यांच्याच." सत्यवतीने स्ट्रिप तिच्या हातात ठेवली आणि वर आपला हात ठेवला. "आमी सगली घरी गोल्या घेत होतो आन् हितं टाल्या वाजवत होतो. भरलेली तू एकटीनंच दिलीस. तुजा इश्वास कमी न्हवता, पोरी. आमी तुला फशिवलं. ही अशीच घेऊं नको, आदी डाक्टरला इचारू. उद्या सकालच्या एसटीनं अलिबागला जाऊ. मी येतंय."

मृणालीने स्ट्रिप उलटीसुलटी करून पाहिली. मग तिने शेजारच्या बाईकडे हात पुढे केले आणि म्हणाली, "त्याला जरा माझ्याकडे द्या. तुम्ही इथेच बसा, पण द्या."

पोर तिच्याकडे आलं. सत्यवती त्याच्या पायाला हात लावून तिथेच बसून राहिली. त्या रविवारी पास्टरांनी साक्षीसाठी पुन्हा कोणाला विचारलं नाही.